एकटाकी निबंधांचा कारखाना

महाविद्यालयांतून निबंधलेखन शिकवले जाते, ही समजूत आम्हांस मान्य नाही. तेथे निबंध मागितला जातो, तपासला जातो, त्यास गुणही मिळतात. शिकवला मात्र जात नाही. विषय फळ्यावर येतो, आठ दिवसांनी वह्या जमा होतात, आणि महिन्याभराने वही परत येते तेव्हा शेवटच्या पानावर दहापैकी सहा गुण व 'बरा प्रयत्न' एवढाच शेरा असतो. त्या शेऱ्याचे विद्यार्थ्याने करावे काय? तो निबंध पुन्हा लिहावयाचाच नसतो.

आमच्या वाचकांना तरी हे दुखणे समजावून सांगावे लागू नये. आपण कचेरीतली माणसे. दोन पानी पत्रसुद्धा कोणी एकटाकी लिहून रवाना करीत नाही. कनिष्ठ सहकारी मसुदा मान्यतेस्तव सादर करतो. वरिष्ठ समासात लिहितो. दुसरा परिच्छेद वर जातो, मोघम विधानाशेजारी 'आधार?' असा प्रश्न उमटतो, आणि तिसऱ्या फेरीनंतर निघणाऱ्या स्वच्छ प्रतीत मूळची चार वाक्ये उरली तरी पुष्कळ. घरी मात्र मुलाची वही हाती आली की ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढून आपण ती मिटतो. प्रवासभत्त्याच्या परिपत्रकाला जी शिस्त लागते, ती विचाराला लागत नाही काय?

निबंधाचा इतिहास तरी पाहावा. मोंतेनने १५८० मध्ये निबंध छापले, १५८८ मध्ये वाढविले, आणि १५९२ मध्ये मरेपर्यंत छापील प्रतीच्या समासांत तो भर घालीतच होता. बेकनच्या १५९७ च्या पुस्तकात दहा निबंध होते. १६१२ मध्ये ते अडतीस झाले, १६२५ मध्ये अठ्ठावन्न, आणि जुने निबंधही तसेच न ठेवता त्याने वाढविले. हा गृहस्थ १६१८ ते १६२१ इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर होता. त्याच्या मेजावर आपल्यापेक्षा कमी कागद नसावेत. त्याचा अध्ययनावरील निबंध इंग्रजीच्या वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला. तो अठ्ठावीस वर्षांनी वाढवून पुन्हा छापला, हे किती वर्गांत सांगितले गेले?

'पुन्हा लिही' म्हटले की विद्यार्थी सोप्या शब्दाजागी अवघड शब्द घालतो. हे पुनर्लेखन नव्हे, रंगसफेदी आहे. पाणीटंचाईवरचा निबंध घ्या. पहिल्या मसुद्याच्या आरंभी पाण्याचे जीवनातील महत्त्व असणार, हे ठरलेलेच. तिसऱ्या पानावर कोठेतरी, पहाटे चारला टँकरपुढे रांग धरणाऱ्या आणि त्यामुळे पहिला तास बुडविणाऱ्या मुलीचे एक वाक्य असते. शिक्षकाने त्या वाक्याखाली रेघ ओढून विचारावे : रांगेत मुलगीच का, मुलगा का नाही? दुसरा मसुदा येथून सुरू होतो. पहिली दोन पाने गेली तरी हरकत नाही. ती लिहिल्यावाचून तिसरे सुचले नसते.

वर्गात शंभर मुले, प्राध्यापकांना वेळ कोठला, असे उत्तर येते. मग वर्षात सहा निबंध कशाला? दोनच द्यावेत, प्रत्येक तीनदा लिहून घ्यावा. पहिल्या मसुद्याला गुण नसावेत, आणि तो शेजारच्या विद्यार्थ्याने वाचावा. दुसरा आक्षेप परीक्षेचा. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तीन तासांत हजार-बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहावे लागतात. तेथे दुसरा मसुदा कोठला? बरोबर आहे. पण ज्याने कागदावर अनेकदा परिच्छेद हलविले आहेत, तोच लेखणी टेकण्यापूर्वी दहा मिनिटांत ते मनातल्या मनात हलवू शकतो.

आता यंत्र क्षणार्धात गुळगुळीत निबंध लिहून देते, अशी ओरड प्राध्यापकच करतात. जन्मभर ज्यांनी केवळ स्वच्छ प्रत मागितली, त्यांना ती यंत्राने पुरविली, एवढेच झाले. त्यांनी खाडाखोडीचे कागद मागावेत आणि विद्यार्थ्याला समोर बसवून विचारावे, हा परिच्छेद का काढलास? तोवर, वाचकहो, रविवारी घरातील वही मागून घ्या. समासात 'आधार?' एवढे लिहावयास विद्यापीठाची मंजुरी लागत नाही.