सराफ्यातली रात्र आणि आपला डबा



१४ एप्रिलला आपण महूला जातो. जन्मभूमीला अभिवादन करतो आणि रात्री पंचवीसेक किलोमीटरवरच्या इंदूरला, सराफा बाजारात खायला उतरतो. मग रील पडते : 'इथे जातपात नाही, सगळे एकाच गल्लीत खातात.' आमचे भांडण या ओळीशी आहे.

दिवसा इथे सोन्याचांदीची दुकाने. रात्री शटर पडले की त्याच दुकानांसमोर कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, खोबरा पॅटिस, ताटाएवढा जलेबा, थंडीत गराडू. रात्री दोनपर्यंत गर्दी हटत नाही. रात्रभर वर्दळ राहिली तर दुकानांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच खाऊवाल्यांना जागा दिली, असे सांगतात. म्हणजे कढईवाल्याने जागायचे आणि सोने सुखाने झोपायचे! चव मात्र झकास आहे, खोटे कशाला बोला. आम्हीही द्रोण चाटूनपुसून खाल्ले.

पण एका गल्लीत खाणे म्हणजे सहभोजन नव्हे. पैसे दिले, द्रोण घेतला, निघालो. तिथे कोणी जात विचारत नाही, कारण त्या व्यवहारात विचारायची गरजच नसते. ती विचारली जाते भाड्याने खोली बघताना आणि मुलीचे लग्न ठरवताना. खऱ्याखुऱ्या सहभोजनानेसुद्धा जात मरत नाही, त्यासाठी आंतरजातीय विवाह हवेत, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिसंस्थेचे उच्छेदन'मध्ये बजावले. आपण चाटच्या गाडीवर क्रांती शोधतो आहोत.

आणि 'सगळे' म्हणजे कोण? सराफ्यात मांसाहार मिळत नाही. ज्याला शाकाहारी राहायचे त्याने खुशाल राहावे. पण शहराची खाद्यसंस्कृती म्हणून फक्त हेच मिरवले जाते, तेव्हा आपले अन्न नुसता 'वास' उरते. याच राज्यात २०१५ साली अंगणवाडीतल्या कुपोषित लेकरांना अंडी द्यायला मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी नकार दिला. डिसेंबर २०२३ मध्ये मोहन यादव मुख्यमंत्री झाले आणि पहिल्याच निर्णयांत उघड्यावरच्या मांस-मासळी विक्रीवर बडगा आला. कारण दिले स्वच्छतेचे. उघड्यावर तळलेल्या जिलेबीवर माशी बसतच नसावी!

स्वच्छतेवरून आठवले. २०१७ ते २०२३ या काळात इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिले आले. सराफ्यातले द्रोण, पत्रावळ्या, सांडलेली चटणी पहाटेपर्यंत कोण उचलते? झाडू अजूनही बहुतेक वाल्मीकी समाजाच्याच हातात आहे. पुढच्या वेळी दोनला गाडीत बसू नका, थांबा. झाडू घेऊन येणाऱ्या ताईला विचारा : नोकरी कायम की ठेकेदाराची? पगार वेळेवर होतो का? तिच्याशी बोलणे झाले तर तेही रीलमध्ये टाका, तिची परवानगी घेऊन.

एक गोष्ट आपल्याच घरची. महूला जाताना आमच्या गाडीत एका आईने सुकटीची चटणी आणि भाकरी बांधून दिली होती. वाटेत ढाब्यावर थांबलो तेव्हा शेजारच्या बाकावर लोक बसले होते, म्हणून आमच्यापैकी कोणीच तो डबा उघडला नाही. शाहू पाटोळ्यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ सालापासून आपल्यात आहे, त्यावर आम्ही चर्चाही घेतली आहे. वजडी, चान्या यांवर भाषणे ठोकणारे आम्ही, सुकटीच्या डब्याचे झाकण दाबून बसलो. रात्री सराफ्यात पोटभर खाल्ले. डबा तसाच परत आला आणि त्या माऊलीने विचारले, "आवडली नाही का रे?"