वलगणीच्या रात्री कर्नाळ्यात गाडी हळू चालवा

हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती पनवेल, ठाणे, मुंबईला पोचवायचा माझा धंदा आहे. मूर्तीचे एक बोट दुखावले तरी माल परत येतो, म्हणून पावसाळ्यात माझा टेम्पो तिशीच्या वर जात नाही. त्यामुळे हॉर्न मारत पुढे गेलेल्या गाड्यांखाली काय आले, ते मला दिसते.

खारपाड्याचा पूल आणि तारा गाव मागे पडले की रस्ता कर्नाळ्याच्या खिंडीत शिरतो. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, शेतात वलगण चढली, म्हणजे नव्या पाण्याबरोबर मासे वर आले, की त्या रात्री अख्खे जंगल रस्त्यावर येते. मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, बिळे सोडून निघतात. एखादी मादी मध्येच थांबते, तिच्या पोटाखाली बारीक पिल्ले चिकटलेली असतात. हळदीसारखे पिवळे झालेले मोठे बेडूक पाण्याकडे निघतात आणि हेडलाइटचा झोत पडला की उडी मारायची सोडून जागीच बसून राहतात. बेडकांमागे साप येतात. चिरडलेल्या बेडकांच्या वासाने उदमांजर उतरते, मग तेही चाकाखाली जाते. सकाळी कावळे आणि घारी तेवढ्याचसाठी रस्त्यावर बसतात.

कर्नाळ्याला 1968 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम 12 चौरस किलोमीटर, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातून जातो. पनवेल-इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम 2011 मध्ये सुरू झाले. रुंद रस्ता आम्हालाही हवाच होता, खड्ड्यांत आमचे पाटे तुटलेत. पण रस्ता रुंदावला की वेग वाढतो आणि मध्ये सिमेंटचा दुभाजक उभा राहतो. बेडकाला तो चढता येत नाही. तो दुभाजकाच्या कडेने चालत राहतो, गाडी येईपर्यंत.

विदर्भात वाघांसाठी पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट दिली. त्यातली सर्वांत लांब वाट 750 मीटरची आहे. वाघ तिथून खरोखर ये-जा करतात, कॅमेऱ्यांत त्याची नोंद आहे. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर तर लाल खेकड्यांच्या स्थलांतराच्या दिवसांत रस्ते बंद ठेवतात, त्यांच्यासाठी पूल बांधले आहेत. आपल्याकडे एवढ्या खर्चाचीही गरज नाही. रस्त्याखाली मोऱ्या आहेतच. मे महिन्यात त्या गाळ काढून मोकळ्या करा, आत एका कडेला कोरडा कट्टा बांधा, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर भिंत घालून जनावरांना मोरीकडे वळवा.

बेडकांसाठी एवढे कशाला, असे लोक विचारतात. भातावरची कीड खातो तो बेडूकच. त्याच्या पायांची निर्यात 1987 मध्ये सरकारने बंद केली, मिळणाऱ्या परकीय चलनावर पाणी सोडून. तेव्हा वाचवलेला बेडूक आज आपण फुकटात मारतो आहोत. आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची कामे सुरू झाली आहेत. फणसाड अभयारण्यासारखे जंगल या किनारपट्टीलगतच आहे. डांबर पडल्यावर मोऱ्यांचा विचार करण्यापेक्षा आराखड्यातच त्या दाखवायला हव्यात.

दिवसा कर्नाळ्यात गाडी थांबवून माकडांना वेफर्स टाकणाऱ्यांनी तेही थांबवावे. खाण्याच्या आशेने रस्त्यावर बसलेले पिल्लू पुढच्या गाडीखाली सापडते.

महामार्ग प्राधिकरण आणि वन विभागाने मिळून पहिल्या पावसापासून जुलैच्या मध्यापर्यंत संध्याकाळी सात ते पहाटे पाच या वेळेत कर्नाळ्यात ताशी 30 ची मर्यादा लावावी आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला माणसे उभी करावीत. आणि माझ्या चालक भावांनो, फलक लागायची वाट बघू नका. तारा ते शिरढोण गाडी हळू घेतली तर फार तर दहा मिनिटे जास्त लागतात.