पडद्यावरचे युद्ध आणि देशाचा निर्धार

युद्ध सुरू झाले की आपल्याकडे दोन आघाड्या उघडतात. एक सीमेवर आणि दुसरी सिनेमाच्या बाजारात. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली आणि ७ मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले. सीमेवर तोफा धडाडत असतानाच इकडे त्या नावाचे शीर्षक मिळविण्यासाठी चित्रपट निर्मात्यांची झुंबड उडाली होती. एकाने तर पोस्टरही झळकावले आणि लोकांनी धारेवर धरल्यावर माफी मागितली. सीमेवरच्या गावांत घरे कोसळत होती आणि मुंबईत नावाची नोंदणी चालली होती! याला राष्ट्रभक्ती म्हणायचे की धंदा, याचा विचार समाजाने करायला हवा.

युद्धपट काढूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. १९६४ साली चेतन आनंद यांनी 'हकीकत' काढला. लडाखच्या थंडीत अपुऱ्या साधनांनिशी लढणारे, माघार घेणारे, मरणारे जवान त्यात आहेत. हरलेल्या युद्धावरचा तो चित्रपट लोकांना रडवून गेला, पण खोटे सांगून गेला नाही. १९९७ च्या 'बॉर्डर'पासून २०१९ च्या 'उरी'पर्यंत येता येता रडणे कमी झाले आणि गर्जना वाढली. अडीच तासांत शत्रू संपतो, शिट्ट्या वाजतात, प्रेक्षक छाती फुगवून घरी जातो. पण शिट्टी म्हणजे निर्धार नव्हे.

निर्धार कशाला म्हणतात हे आमच्या चंद्रपूर जिल्ह्याने पाहिले आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले असताना यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. महाराष्ट्राची धुरा आली ती याच जिल्ह्याचे सुपुत्र मा. सां. कन्नमवार यांच्याकडे. गरिबीत वाढलेल्या, एकेकाळी वर्तमानपत्रे विकलेल्या या माणसाने मुख्यमंत्री म्हणून संरक्षण निधीसाठी लोकांपुढे हात पसरला आणि गरिबांनीही गाठीचे सोडून दिले. वर्षभरातच, नोव्हेंबर १९६३ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्या युद्धानंतरच भद्रावतीला आयुध निर्माणी उभी राहिली. तेथे राबणारे हात कोणाचे, हे वेगळे सांगायला नको. त्यांच्यावर चित्रपट निघत नाही.

पडद्यावर कोण दिसतो आणि कोण दिसत नाही, हा प्रश्न केवळ आमचाच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये '१२० बहादूर' आला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे १३ कुमाऊँच्या ज्या तुकडीतील शंभराहून अधिक जवान शहीद झाले, त्यातले बहुतेक अहीर समाजाचे शेतकरीपुत्र. चित्रपटाच्या नावातच अहिरांचा उल्लेख हवा म्हणून तो समाज रस्त्यावर उतरला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. कोणी याला जातीयवाद म्हणेल. आम्ही विचारतो, ज्यांचे रक्त सांडले त्यांना नाव मागावे लागते, हा दोष कोणाचा?

महारांना तर लढण्याचा हक्कसुद्धा मागावा लागला. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी त्यांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळे यांनी केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. अखेर बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. आज तिच्यात सर्व समाजांचे जवान आहेत. तिने देशाला जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख दिले. १९८७ मध्ये श्रीलंकेत ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी मरणोत्तर परमवीर चक्र मिळविले. या रेजिमेंटला केंद्रस्थानी ठेवणारा मोठा हिंदी युद्धपट आम्हाला तरी पाहायला मिळालेला नाही.

आणि जो दिसतो, तो कसा दिसतो? आमचा कोरपना परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईने तो भारतात आला. त्याच्या आठ वर्षे आधी, १९४० मध्ये, शेजारच्या जोडेघाटला गोंड वीर कुमरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना शहीद झाला होता. त्याची मागणी साधी होती : जल, जंगल, जमीन. २०२२ च्या 'आरआरआर'मध्ये भीम साऱ्या जगाने पाहिला. मात्र तेथे तो दिल्लीत इंग्रजांशी लढतो. निजामाविरुद्धची जमिनीची लढाई गायब! वीर घेतला, त्याचा प्रश्न टाकून दिला. तो प्रश्न गडचांदूर, आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांच्या सावलीत, कोलामगुड्यांवर आजही उभा आहे.

बाबासाहेब संरक्षणाच्या बाबतीत भाबडे नव्हते. १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी हिशेबच मांडला होता की, वर्षाच्या साडेतीनशे कोटी उत्पन्नातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात आणि याला आपले परराष्ट्र धोरण कारणीभूत आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले होते की, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील? शत्रू येतो तेव्हा फितुरी याच भेगांतून आत शिरते, हा इतिहास आहे.

म्हणून देशाचा युद्धकाळातला निर्धार तिकीटबारीवर मोजता येत नाही. ज्याला या देशात जमीन, शिक्षण आणि माणूस म्हणून मान आहे, तो देशासाठी ठामपणे उभा राहतो. त्याला सिनेमाने जागे करावे लागत नाही. शहिदाच्या पोस्टरला हार घालणाऱ्यांनी एकदा त्याच्या गावात जावे. तेथे पाणवठा एक आहे का, स्मशान एक आहे का, हे पाहावे. ते एक नसेल, तर पडद्यावरचा विजय पडद्यावरच राहील.