ऊसबिल हिवाळ्यात, फी पावसाळ्यात



बारावीचा निकाल लागला की आपल्या कार्यक्षेत्रात दरवर्षी एकच चित्र दिसते. पोरगं पास झाल्याचे पेढे गावभर वाटले जातात आणि पंधरा दिवसांनी तोच बाप हातउसन्या पैशासाठी चार उंबरे झिजवतो. ऊसबिल आले ते हिवाळ्यात. सोसायटीची वसुली, ट्रॅक्टरचा हप्ता, घरातले लग्न यांत ते कधीच जिरले. आता खताची पोती आणायची आहेत आणि कॉलेज म्हणते, आठवड्यात फी भरा. आपला पैसा वर्षातून एकदा येतो आणि कॉलेजचा खर्च दरमहा लागतो. निम्मे दुखणे इथेच आहे. यंदाचे गळीत सुरू झाले आहे, पहिली उचल हातात पडायची आहे, म्हणून हा विषय जूनची वाट न बघता आताच काढला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रायगड किनाऱ्यावरच्या नागावला दोन दिवस मुक्कामाला होतो. तिथे ऊस नाही, साखर कारखाना नाही. अलिबाग-रेवदंडा रस्त्याला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पलीकडे समुद्र. वाडीतल्याच घरात पाहुण्यांना उतरवून जेवूखाऊ घालायचे, हा तिथला अलीकडचा जोडधंदा. आम्ही उतरलो त्या घरची मुलगी अलिबागच्या कॉलेजात शिकत होती. खर्चाचे कसे जमवता, असे विचारल्यावर घरच्या वहिनींनी एक वही पुढे ठेवली. नारळाचे पैसे दर पाड्याला थोडे थोडे येतात, ते घरखर्चाला. सुपारी वर्षातून एकदा, ती वाडीच्या खताला आणि डागडुजीला. आणि मे महिन्यातल्या पाहुण्यांचा पैसा सरळ बँकेत. "पावसात इकडं माणूस फिरकत नाही, भाऊ. आणि फी नेमकी पावसातच येते. मग मेचा पैसा मेमध्ये खाऊन कसं चालेल?"

त्या घराने 3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ पाहिले आहे. टाळेबंदीमुळे त्या मे महिन्यात पाहुणा नव्हता, आणि वादळाने एका दुपारीत वाडीतली झाडे आडवी केली. पोफळ आज लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. त्याच वर्षी थोरल्या मुलाला कॉलेजात घालायचे होते. "आधीच्या वर्षाची ठेव होती, म्हणून पोरगं घरी बसलं नाही," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्यातल्या कित्येकांचा ऊस त्यांच्या वाडीपेक्षा मोठा, पण अशी वही एकाच्याही घरात नाही.

ठेव नसली म्हणजे काय होते, हे आकड्यातच बघावे. जुलैत 50,000 रुपये महिना शेकडा तीनने उचलले, तर महिन्याचे व्याज 1,500. जानेवारीत ऊसबिल येईपर्यंत सहा महिन्यांत 9,000 रुपये नुसत्या व्याजात गेले. एवढ्यात मुलाचे तीन महिन्यांचे जेवण निघाले असते. उलट, पहिल्या उचलीतून टनामागे 300 रुपये बाजूला काढले, तर 100 टन घालणाऱ्याचे 30,000 होतात. ही रक्कम जूनमध्ये मुदत संपेल अशा बेताने बँकेत ठेवावी. दहा महिन्यांचे 3,000 प्रमाणे पडतात. सगळा खर्च यात भागणार नाही, पण सावकाराची पायरी चुकेल.

दुसरी गोष्ट कागदांची. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधारला जोडलेले बँक खाते, हे सगळे मे महिन्यापूर्वी तयार पाहिजे. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते आणि मुदत निघून जाते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. मात्र शिष्यवृत्तीचा पैसा उशिरा येतो. तो हातात आल्यासारखा धरून खर्च करू नये.

खर्चाला कात्री कुठे लावायची, हेही सांगतो. पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलांकडून निम्म्या किमतीत मिळतात, उरलेली ग्रंथालयात असतात. गावातून जाता येत असेल तर एसटीच्या विद्यार्थी पासला 66.67 टक्के सवलत आहे. पहिल्याच महिन्यात मोटारसायकल घेऊन देऊ नये. गाडीबरोबर पेट्रोल येते आणि पेट्रोलबरोबर हॉटेल. काम करून शिकण्यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर, आणि ती योजना आज अनेक कॉलेजांत आहे. मात्र जेवणात काटकसर नको. उपाशी पोराच्या डोक्यात काही शिरत नाही.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी सांगतो. जुलैत पैसे अपुरे पडले की मुलाची फी भरली जाते आणि मुलीला म्हणतात, "तू पुढच्या वर्षी बघ." ते पुढचे वर्ष बहुधा येत नाही, स्थळ येते. 2024-25 पासून शासनाने आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या पात्र घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले आहे. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र आपलाच. तेव्हा टनामागचे पैसे काढताना दोघांच्या नावाने सारखे काढावेत. आणि ऊसबिलाची पावती, कपातींसकट, दोघांपुढे ठेवावी. घरची ओढाताण लपवली की पोरं बेफिकीर होतात. दाखवली की हिशेबाने वागतात.

संचालक मंडळालाही आमची एक सूचना आहे. जो सभासद लेखी संमती देईल, त्याचीच ठरावीक रक्कम बिलातून परस्पर बँकेत मुलांच्या नावे ठेवण्याची सोय करावी. सक्ती नको, सक्तीच्या कपातींचा अनुभव सभासद विसरलेले नाहीत. आणि बिल कायद्याप्रमाणे 14 दिवसांत मिळावे, नाहीतर वरचे सगळे हिशेब कागदावरच राहतील.

बेणे राखून ठेवल्याशिवाय पुढची लागण होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पोरांच्या शिक्षणाचे बेणेही याच हंगामात राखायचे आहे.