बिग ब्लाइंड, कौशल्य आणि नाल

तीन पत्ती खेळलेल्या माणसाला 'ब्लाइंड' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पानं न बघता चाल द्यायची. पोकरमधला ब्लाइंड वेगळा. तिथे पानं वाटायच्या आधीच दोघांना सक्तीने पैसे टाकावे लागतात. लहान रक्कम टाकतो तो स्मॉल ब्लाइंड, साधारण त्याच्या दुप्पट टाकतो तो बिग ब्लाइंड. आपल्याकडे बूट सगळेच टाकतात, इथे पाळी फिरते. नऊ जणांच्या टेबलावर दर नऊ डावांत एकदा तुमचा नंबर येतोच.

आज हे लिहायचं कारण ऑगस्ट २०२५ चा कायदा. संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. तेव्हापासून एक तक्रार सारखी ऐकू येते: "पोकर हा डोक्याचा खेळ आहे, त्याला मटक्याच्या रांगेत का बसवलं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर पोकरच्या आतूनच शोधू. बिग ब्लाइंडवर बसलेलं असताना समोरून रेज आली तर काय करायचं, इथे खरोखर डोकं लागतं.

लिमिट होल्डेम घ्या. यात रेज कितीची करायची ते आधीच ठरलेलं असतं. समजा स्मॉल ब्लाइंड १० रुपये, तुमचा बिग ब्लाइंड २०. एकाने रेज करून ४० केले, बाकीच्यांनी पानं टाकली. मध्ये झाले ७०. तुम्हाला अजून फक्त २० टाकायचेत. २० टाकून ७० साठी खेळायचं, म्हणजे नऊपैकी दोन डाव जिंकलात तरी हिशोब बरोबरीत. जेमतेम २२ टक्के. नो-लिमिटमध्ये समोरचा सरळ ६० करू शकतो. मग ४० टाकून ९० साठी खेळायचं, भाव लगेच महाग. म्हणून लिमिटमध्ये बिग ब्लाइंडवाला इतरांपेक्षा बरीच हलकी पानं घेऊनही टिकून राहतो, आणि ते बरोबरच असतं.

चूक होते ती कारणात. "माझे २० आत आहेत, ते कसे सोडू?" अहो, ते २० तुमचे राहिलेच नाहीत! विचार करायचा तो फक्त पुढच्या २० चा. वेगवेगळ्या रंगाची सत्ती-दुरी आली तर टाकून द्यायची, आत पैसे असोत नसोत. शिवाय पुढच्या प्रत्येक फेरीत तुम्हाला रेजवाल्याच्या आधी बोलावं लागतं, त्यामुळे नुसते २२ टक्के पुरत नाहीत, थोडं जास्त लागतं. राजा-नव्वी दिसायला भारी, पण समोर एक्का-राजा असला तर राजाची जोडी लागूनही बहुतेक वेळा तुम्हीच बुडता. उलट एकाच रंगाची सत्ती-अठ्ठी घ्या. आधी तिघांनी ४०-४० टाकले असतील तर मध्ये १५० आहेत आणि तुमचे जाणार २०. अशा वेळी ती सोडायची नसते.

तर हो, हे कौशल्य आहे. नाकारण्यात अर्थ नाही. पण ते पुढे कुठे नेतं?

जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केलं की दोघांमधला लिमिट होल्डेम आता व्यवहारात सुटलेला आहे. त्यांच्या सेफियस या प्रोग्रामविरुद्ध आयुष्यभर खेळूनही खात्रीने पुढे राहता येणार नाही, इतका तो अचूक. त्यातून निघालेला एक आकडा मला फार बोलका वाटतो. दोघंही निर्दोष खेळले तरी बिग ब्लाइंडवाला दर डावाला सरासरी ब्लाइंडच्या जवळपास ९ टक्के हरतो. २० रुपयांच्या ब्लाइंडमागे पावणेदोन रुपये. दर वेळी पानं टाकली तर जातात पूर्ण २०. म्हणजे त्या जागेवरचं कौशल्य हे कमी हरण्याचं कौशल्य आहे. पुढच्या डावात जागा बदलते, तोटा भरून निघतो आणि शेवटी दोघंही शून्यावर.

शून्यावर, जर मध्ये तिसरा कुणी नसेल तर. ॲपवर किंवा कॅसिनोत तो असतो. अड्ड्यावर त्याला नाल म्हणतात, तिथे रेक. समजा दर डावातून सरासरी २ रुपये कापले आणि संध्याकाळभरात ३०० डाव झाले, तर ६०० रुपये टेबलावरून उठून गेले. दोघंही जगातले सर्वोत्तम खेळाडू असले तरी दोघंही तोट्यात. बिग ब्लाइंडवर काठावरच्या पानांनी जे पैसे-दोन पैसे वाचवले, तेही त्यातच गेले. एखादा कायम जिंकतो, हे खरं. पण तो नाल भरूनही फायद्यात असतो, कारण टेबलावर त्याच्यापेक्षा कच्ची माणसं असतात. जाहिरातीत तो दिसतो, कच्ची माणसं दिसत नाहीत. ती आपल्या तालुक्यातली पोरं असतात, पगाराच्या दिवशी पैसे टाकणारी.

"कौशल्याचा खेळ" म्हणणारे १९६८ चा सर्वोच्च न्यायालयाचा रमीचा निकाल पुढे करतात. रमी मुख्यतः कौशल्याची, तीन पत्ती नशिबाची, हे त्यात आहेच. पण त्याच निकालात असंही म्हटलंय की घराचा किंवा क्लबचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. हे वाक्य मात्र कुणी सांगत नाही.

म्हणून माझं मत: नव्या कायद्याने कौशल्य की नशीब या वादात न अडकणं योग्यच केलं. त्रुटी आहे ती दुसरीकडे. ऑनलाइन टेबल बंद, पण पणजीला मांडवीवरच्या बोटींत तेच पोकर, तीच कापाकापी राजरोस चालू. आणि बंदीनंतर जे परदेशी साइटवर जातील, त्यांना तर दाद मागायलाही जागा नाही. नुसती बंदी पुरणार नाही. हे ७० आणि २० चं गणित, आणि त्यातून कापल्या जाणाऱ्या २ रुपयांचं गणित, शाळा-कॉलेजात उघडपणे शिकवायला हवं.

दिवाळीत चार मित्र घरी दहा-दहा रुपये लावून बसतात, त्याची गोष्ट वेगळी. तिथे नाल काढणारा कुणी नसतो.

वेगळं मत असेल तर जरूर लिहा. फक्त "मी जिंकलोय" एवढंच नको, किती डाव खेळलात आणि किती रेक भरलात तेही सांगा.