थायरॉईडची गोळी उसनी घेऊ नका

विळा, कुदळ, वाटीभर साखर शेजारून उसनी आणावी. थायरॉईडची गोळी आणू नये. परवा मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक बाई दुसरीला चार गोळ्या देताना पाहिल्या, म्हणून लिहितो. "तुलाही थायरॉईड, मलाही थायरॉईड," असा सरळ हिशेब!

वाचकहो, हे दोन उलट आजार आहेत. गळ्याच्या पुढे असलेल्या या ग्रंथीचा रस कमी पडला की शरीर मंदावते, वजन वाढते, थंडी सोसत नाही. रस जादा झाला की भरधाव सुटलेल्या पंपाच्या इंजिनासारखे डिझेल भराभर जळते. दोन भाकरी जास्त जातात, तरी अंग वाळते. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, उकाडा सोसवत नाही. काहींचे डोळे बटबटीत दिसू लागतात. मग कोणी क्षयाची शंका घेतो, कोणी दृष्ट काढतो आणि घरची मंडळी त्या बिचारीलाच चिडखोर ठरवतात. कमी रसावरची थायरॉक्सिनची गोळी अशा बाईने घेणे म्हणजे सुटलेल्या इंजिनात आणखी डिझेल ओतणे. हृदयाचे ठोके बिघडतात.

रक्ततपासणीतला टीएसएच हा आकडाही फसवतो. तो मेंदूजवळच्या ग्रंथीचा हुकूम असतो. थायरॉईडचा रस जादा झाला की हुकूम थांबतो आणि आकडा खाली येतो. 'कमी आला म्हणजे थायरॉईड कमी' असे समजणारे शिकलेले लोकही मला भेटले आहेत.

जादा रसावर बहुधा कार्बिमाझोल देतात, साधारण वर्ष-दीड वर्ष. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. मात्र ताप येऊन घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा व रक्तातील पांढऱ्या पेशी तपासाव्यात. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर आधीच सांगावे. काहींना किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया लागते.

आयोडीनच्या मिठाला उगीच दोष देतात. आपल्या तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था 1958 साली कुन्नूरहून हैदराबादला आली. लोह व आयोडीन दोन्ही असलेले मीठ तिनेच तयार केले. स्वयंपाकापुरत्या अशा मिठाची सामान्य घराला भीती नाही. जुना गलगंड असलेल्यांनी आयोडीनची टॉनिके मात्र मनाने घेऊ नयेत.

उदगीर-नांदेडकडचे पाहुणे तपासणीसाठी इकडे येतात. त्यांना निरोप द्या: जुने अहवाल आणि चालू गोळ्यांचे पाकीट पिशवीत टाकून या. "पांढरी, बारीक गोळी" एवढ्यावरून कोणत्याही डॉक्टरला काही कळत नाही.