परसबाग : वईवरची काळी मैना



शहराकडे मजुरीला जाऊन आलेल्या घरांतल्या मुलांच्या तोंडी हल्ली एक नवे नाव असते, ब्लॅक करंट. आइस्क्रीमच्या कपावर ते छापलेले असते, सरबताच्या बाटलीवर असते. मग गावी परतल्यावर मूल विचारते, “आई, हे झाड आपल्या परसात येईल का गं?” खोडाळा, मोखाडा, जव्हार या बाजूच्या घरांसाठी आज या प्रश्नाचे उत्तर देऊ या.

सरळ उत्तर असे की, ते झाड आपल्याकडे फळणार नाही. ब्लॅक करंट हे थंड मुलखातले झुडूप. हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी त्याला हजारभर तास तरी लागते, काही जातींना त्याहूनही जास्त. तेवढी थंडी मिळाल्याखेरीज त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. आपल्याकडे पौषात पहाटे चांगले गारठते खरे, पण दुपारी पुन्हा ऊन तापते. तेव्हा कोणी या नावाचे रोप महाग किमतीला विकू लागला, तर पैसे गाठीला ठेवा. वाण्याकडे ‘ब्लॅक करंट’ म्हणून पुडीत मिळतात ते तर बहुधा वाळवलेले बारीक काळे द्राक्ष असते. ग्रीस देशातल्या कोरिंथ गावावरून त्या मनुकांना करंट हे नाव पडले आणि पुढे ते या झुडपालाही चिकटले.

इंग्लंडात मात्र या फळाने मोठे काम केले आहे. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून संत्री येईनाशी झाली. तेव्हा तिथल्या सरकारने ब्लॅक करंटची लागवड वाढवायला लावली आणि १९४२ पासून त्याचे सरबत लहान मुलांना फुकट वाटले. मुलांना क जीवनसत्त्व मिळावे हा हेतू. अडचणीच्या दिवसांत त्यांना त्यांच्याच मातीतले आंबटगोड काळे फळ उपयोगी पडले.

आपल्या मातीतले आंबटगोड काळे फळ कोणते, हे खोडाळ्याच्या माणसाला सांगायला नको. सूर्यमाळच्या उतारावर, देवबांधच्या वाटेवर, विहीगावकडून कसाऱ्याला उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला वैशाखात काळीभोर होणारी डोंगरची मैना. आपले करवंद!

आता तुम्ही म्हणाल, करवंद डोंगरावर आपसूक येते, ते परसात कशाला लावायचे? त्याचेच कारण आज सांगायचे आहे.

दरसालची वई

आपल्या परसाभोवती वई कशाची असते, आठवून पाहा. दिवाळीनंतर डोंगरावर जाऊन करवंदीच्या, बोरीच्या फांद्या तोडायच्या, डोक्यावरून आणायच्या आणि कुडाला लावायच्या. उन्हाळ्यात त्या वाळतात, थोड्या चुलीत जातात, उरलेल्या पावसात कुजतात. पुढच्या साली पुन्हा कोयता आणि पुन्हा डोंगर. ज्या झुडपाची फळे वैशाखात विकायची, त्याच्याच फांद्या मार्गशीर्षात तोडायच्या. करवंदीला फूल येते ते साधारण माघापासून, फांद्यांच्या शेंड्यांशी. शेंडेच तोडले तर फळ कुठून धरणार? मग दर वर्षी बायकांना करवंदांसाठी आणखी वर, आणखी लांब जावे लागते.

दुसरी गोष्ट घराची. भात, नागली, वरईची कापणी उरकली की कित्येक घरांना कुलूप लागते. कोणी वीटभट्टीवर, कोणी नाशिककडे, कोणी भिवंडी-ठाण्याकडे. शिमग्याला येतात, पुन्हा जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि परसात पावसाळ्यात लावलेली आंब्याची, काजूची कोवळी रोपे. वाळकी वई शेळीने एकदा ढोसली की त्या रोपांचे शेंडे राहत नाहीत. मोठ्या हौसेने लावलेल्या वाड्या कितीदा अशाच मोडल्या आहेत.

जिवंत करवंदीची वई एकदा धरली की तिला राखण लागत नाही. एकदा मूळ धरले की पाणीही लागत नाही. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे, तरी उन्हाळ्यात इथल्या कितीतरी पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट असते. तिथे बागेला पाणी कुठून आणायचे? करवंदी कोरड्या मुरमात तग धरते. तुम्ही घरी नसता तेव्हा ती फुलते, आणि पेरणीच्या आधी, हातात पैसा नसण्याच्या नेमक्या दिवसांत, पिकते.

एका द्रोणातली वई

रोपे घरीच करा. शंभर फूट वईला दोन-दोन फुटांवर पन्नास रोपे लागतात, दहा मरतील असे धरून साठ पिशव्या भरा. दर पिशवीत दोन बिया म्हणजे एकशेवीस बिया. एका फळात साधारण चार बिया धरल्या तर तीस फळे पुरतात. म्हणजे तुमची सगळी वई एका द्रोणात मावते!

पण द्रोण कोणत्या झुडपाचा, याला महत्त्व आहे. दोन करवंदी सारख्या नसतात. एकीचे फळ बोराएवढे आणि गोड, शेजारचीचे बारीक आणि आंबट. या वैशाखात करवंदे काढताना मोठ्या फळाच्या, भरपूर धरणाऱ्या झुडपाला चिंधी बांधून खूण करा आणि त्याचीच पूर्ण पिकलेली फळे बियांसाठी ठेवा. बीपासून आलेले झाड हुबेहूब आईसारखे होईलच असे नाही, पण चांगल्या आईची लेकरे बरी निघतात.

फळे पाण्यात कुस्करून गर धुऊन काढा, बिया सावलीत एक दिवस सुकवा आणि लगेच पेरा. करवंदाचे बी ठेवणीत टिकत नाही, त्याची उगवण फार लवकर जाते. दसऱ्याला पेरू म्हणून डब्यात ठेवाल तर निराशा पदरी पडेल. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोके पाडा, दोन भाग माती आणि एक भाग कुजलेले शेणखत भरा, बी बोटाच्या एका पेराएवढे खोल टाका. दोन-तीन आठवड्यांत उगवते. दोन्ही बिया उगवल्या तर जोमदार रोप ठेवून दुसरे काढा.

पहिले वर्ष रोप पिशवीतच वाढू द्या. ते सावकाश वाढते, त्याने धीर सोडू नका. उन्हाळ्यात मात्र पाणी द्यावे लागेल. घरी राहणाऱ्या आजी-आजोबांवर हे काम सोपवा आणि पिशव्या मोरीजवळ अर्ध्या सावलीत मांडून द्या. भांडी विसळलेले पाणी एक दिवसाआड पुरते.

खूण केलेल्या झुडपासारखेच झाड हवे असेल आणि ते तुमच्या स्वतःच्या बांधावर असेल, तर दाबकलम करून पाहा. आषाढात खालची फांदी जमिनीकडे वाकवा, मातीत जाणाऱ्या जागी खालच्या बाजूने साल थोडी खरवडा, वर माती टाकून दगड ठेवा. पुढच्या पावसापर्यंत मुळ्या धरल्या तर फांदी तोडून वेगळी लावा. चार फांद्या दाबल्या तर चारही धरतील असे नाही, म्हणून जास्त दाबा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात काढली आहे. तिची रोपे मिळाली तर दोन-चार वईच्या कोपऱ्यांवर लावायला हरकत नाही.

लावणी आणि निगा

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात वईच्या रेषेवर दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून तापू द्या. पाऊस लागला की वरची माती आणि शेणखत घालून चर भरा. माती जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवा. या भागात शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. करवंदीला मुरूम चालतो, उतार चालतो, पण मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. आषाढात, दोन सरींच्या मधली उघडीप पाहून, दोन-दोन फुटांवर रोपे लावा. फळासाठी सुटे झुडूप ठेवायचे असेल तर सहा ते आठ फूट अंतर द्या.

जुनी काट्यांची वई लगेच काढू नका. ती बाहेरून राहू द्या आणि नवी रोपे तिच्या आतल्या बाजूला लावा. कोवळी करवंदी शेळी सोडत नाही. दोन वर्षे जुन्या वईने नव्या वईला सांभाळले की मग जुनीचे काम संपले.

रोप हातभर उंच झाले की शेंडा खुडा, म्हणजे खालपासून फांद्या फुटतील. हे न केल्यास वई वर दाट आणि खाली मोकळी होते आणि कोंबड्या, शेळ्या खालून शिरतात. पुढे दर वर्षी फळे काढून झाली की पावसाच्या सुरुवातीला छाटणी करा. वाळलेल्या फांद्या हिरव्या लाकडापर्यंत कापा. हिवाळ्यात कोयता लावू नका, त्या वर्षीचे फूल जाईल. करवंदी ही कण्हेर, तगर, चाफ्याच्या कुळातली, म्हणून कापली की पांढरा चीक येतो. हाताला आधी खुरासणीचे तेल लावा आणि चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

दर पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन झुडपांत मिळून एक घमेले शेणखत पुरे. लावणीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बुंध्याशी गवत अंथरा आणि आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी द्या. पुढे पाण्याची गरज नाही.

दोन धोके मात्र ध्यानात ठेवा. पहिला वणव्याचा. शिमग्याच्या आधी वईच्या बाहेरचे चार-पाच हात गवत कापून जमीन मोकळी करा, आणि राब भाजायची जागा वईपासून लांब धरा. पाच वर्षांची मेहनत एका दुपारी जळते. दुसरा धोका सापाचा. दाट वईत उंदीर येतात, त्यांच्यामागे साप येतो. म्हणून वई दारापासून आणि निजायच्या भिंतीपासून सहा-सात फूट दूर ठेवा, बुंधे साफ ठेवा आणि अंधारात तिथे हात घालू नका.

फळ हाती आल्यावर

लावणीनंतर तिसऱ्या वर्षी थोडी फळे दिसतात, पुढे वाढत जातात. चांगले मोठे झालेले सुटे झुडूप तीन-चार किलो देते. दाट वईत एकेका झाडाला त्याहून कमी येतात, पण झाडे अधिक असतात.

पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही आणि ढिगाने दाबले की फुटते. म्हणून पहाटे काढा, उथळ पाटीत पाने घालून भरा आणि त्याच दिवशी बाजाराला न्या. कच्चे करवंद आठवडाभर टिकते. त्यामुळे सगळा माल एकदम पिकू देऊ नका. चैत्रात थोडे कच्चे काढून लोणच्याला द्या, बाकीचे पिकू द्या. बेकरीच्या केकवर जी लाल चेरी दिसते, ती पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेले आपले करवंदच असते! हे काम बचत गटातल्या बायकांनाही शिकून करता येण्यासारखे आहे.

घरासाठी लोणचे असे करा. १ किलो कच्ची करवंदे धुऊन पुसून अर्धी करा, बिया काढा. मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवली की चीक निघून जातो. पाणी निथळून, फोडी कोरड्या करून २०० ग्रॅम मीठ आणि दोन चमचे हळद चोळा व रात्रभर झाकून ठेवा. सकाळी ५० ग्रॅम मोहरीची डाळ, ५० ग्रॅम तिखट, चमचाभर भाजलेली मेथीपूड आणि पाव किलो किसलेला गूळ मिसळा. वाटीभर तेलाची हिंग घालून फोडणी करा, ती पूर्ण गार करून ओता. बरणी कोरडी हवी. आठ दिवसांत मुरते. श्रावणात भाजी नसते तेव्हा नागलीच्या भाकरीबरोबर याच्यासारखे दुसरे तोंडीलावणे नाही.

शेवटी एक सांगते. वईवरची सगळी करवंदे विकू नका. रस्त्याच्या बाजूची थोडी मुलांसाठी आणि पाखरांसाठी राहू द्या. करवंद दाताने फोडायचे, आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ तुमच्या-आमच्या लहानपणी डोंगरावर चालत असे. तो उद्या तुमच्या परसात चालेल. आणि एखाद्या मुलाने पुन्हा ब्लॅक करंटचे नाव काढले, तर त्याला वईशी न्या आणि ओंजळ भरून द्या.

या वैशाखात चिंधी बांधायला विसरू नका.